डुकरासाठी रिव्हॉल्व्हर बघायचंय

वऱ्हाडी माणसाला कुठलीही वस्तू एकट्याने विकत घेता येत नाही. फवारणीचा पंप घ्यायचा असला तरी तो चौघांना विचारतो. त्या चौघांतल्या तिघांनी जन्मात पंप पाठीला लावलेला नसतो आणि नेमके तेच तिघे जास्त बोलतात. तेव्हा परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठच्या सेमाडोहात, "डुकरासाठी एखादं रिव्हॉल्व्हर पाहावं म्हणतो" असं कोणी चहाच्या टपरीवर बोलून गेला तर पुढे काय होईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

समजा, असं बोलून जाणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. हयात गणित शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर चार एकर कोरडवाहू करायला घेतली आणि पहिल्याच वर्षी, मका दाण्यावर आला त्याच रात्री, रानडुकरांचा कळप सहकुटुंब जेवून गेला. डुकरं नुसती खात नाहीत. एक कणीस खायचं, दहा ताटं आडवी करायची, वर जमीन उकरून कंद शोधायचे आणि जाताना चिखलात लोळून उठायचं, असा त्यांचा भरगच्च कार्यक्रम असतो. सकाळी बांधावर उभं राहून गुरुजींनी नुकसानीचं क्षेत्रफळ काढायला घेतलं. आकृती आयतात बसेना, त्रिकोणात बसेना. शेवटी त्यांनी वहीत "अनियमित" असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्यानंतर एका संध्याकाळी पायवाटेवर एक दांडगा नर समोर आला. गुरुजी थांबले, डुक्करही थांबलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं, म्हणजे खरं तर गुरुजींनीच पाहिलं. डुकराची नजर मुळात अधू असते, त्याचा सगळा कारभार नाकावर चालतो. डुकराने हवेत हुंगलं, फुसकारलं आणि घाणेरीच्या झुडपात निघून गेलं. बहुतेक वेळा रानडुक्कर हेच करतं. पण गुरुजी घरी आले ते जाहीर करतच: "आता बंदूक!"

गुरुजींच्या घरातून पहिला अभिप्राय आला. "तुमच्यानं भितीत खिया ठोकल्या जात नाई, गोयी काय मारसान?"

गुरुजींनी बहिरमच्या यात्रेत एका दमात सात फुगे फोडल्याचा दाखला दिला. तो १९८० च्या आसपासचा होता, आणि फुगे खुंटीला बांधलेले होते.

दुसऱ्या दिवशी विषय टपरीवर गेला, म्हणजे आता तो गुरुजींचा राहिला नाही.

"गुरुजी, नाइन एमेम घ्या," पहिल्याने निकाल देऊन टाकला. "पिच्चरमधी सगळे तेच वापरते."

"पिच्चरमधी डुक्कर असते काय?"

"नाई. पण गुंड असते ना जी. गुंड मरते तं डुक्कर काहून नाई मरनार?"

इथे कायदा आडवा आला. ९ मिमीचं काडतूस आपल्याकडे सैन्याचं आणि पोलिसांचं. सामान्य नागरिकासाठी ते 'प्रतिबंधित बोअर' आहे, जुनी .३०३ आहे तशीच. साध्या माणसाने हातात मावेल असं शस्त्र मागितलं, तर फिरून फिरून .३२ वरच यावं लागतं. मग रिव्हॉल्व्हर घ्या, नाही तर पिस्तूल घ्या. इंटरनेटवर रात्रभर जागून तीस-चाळीस बोअरचे गुणदोष पाठ करून आलेल्या माणसाला हे सांगणं फार क्रूर आहे. लग्नाळू मुलाने शंभर स्थळांचे फोटो पाहावेत आणि शेवटी मामाने ठरवलेल्या मुलीशीच बोहल्यावर उभं राहावं, तसं हे आहे.

पण .३२ मध्येही वाद घालता येतो, हे टपरीने लगेच शोधून काढलं. २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. वजन जेमतेम अर्धा किलो, पर्समध्ये मावणारं, खास महिलांसाठी म्हणून जाहीर झालेलं, तेव्हाची किंमत सुमारे १ लाख २२ हजार. गुरुजींना वजन पसंत पडलं. बाकीच्यांना किंमत आणि "महिलांसाठी" या दोन्ही गोष्टी अडचणीच्या वाटल्या.

"सव्वा लाखात दुभती म्हैस येते, गुरुजी."

"म्हैस डुकरावर चालवता येते का?"

"नाई, पण दूध तं देते. रिव्हॉल्व्हर काय देते?"

यावर टपरीवाल्यासकट सगळे गप्प झाले. आता काडतुसाचा विषय निघाला. एकाने मोबाईलवर वाचून आणलं की पोकळ टोकाची गोळी घ्यावी, ती आत गेल्यावर फुलते. दुसऱ्याने लगेच हरकत घेतली: फुलणारी गोळी खोल जात नाही, जाड कातड्याच्या जनावराला घट्ट शिशाचीच गोळी हवी, म्हणजे ती आरपार वाट काढते. खरं सांगायचं तर दुसऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. डुकरांच्या शिकारीतली जाणती माणसं हेच सांगतात. पण बरोबर असण्याचा टपरीवर कधीच फायदा होत नाही. गोळी फुलावी की घुसावी यावर दोन तट पडले आणि एकाच बाकावर बसून चहा पिणारे दोन चुलतभाऊ वेगवेगळ्या बाकांवर बसू लागले. शेवटी शहरात बंदुकीच्या दुकानाशी संबंध आलेला एक जण तिथे आला. गोळी कोणती मागायची असं त्याला विचारल्यावर तो म्हणाला, "दुकानात जे असन थे."

गुरुजींचा पिंड गणिताचा. त्यांनी टपरीच्या पत्र्यावर खडूने हिशेब मांडला. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ चं. नळीतून निघताना त्याच्या गोळीत ऊर्जा असते सुमारे १५० जूल. जगभर आज हे काडतूस नेमबाजीच्या स्पर्धांत वापरतात आणि कागदावर नीट गोल भोक पाडण्यात त्याचा हात धरणारं दुसरं नाही. आता डुक्कर घेऊ. क्विंटलभराचा नर, वेग सेकंदाला १० मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर आलं ५,००० जूल.

"म्हंजे?" मागून कोणी तरी विचारलं.

"म्हणजे डुकराकडे आपल्यापेक्षा तेहतीस पट माल आहे."

"मंग डुकरालेच लायसन द्या ना जी!"

हिशेबात एक गोष्ट आलीच नव्हती. नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड असा एक थर असतो. माजावर आलेले नर एकमेकांना सुळ्यांनी फाडायला जातात, तेव्हा तो ढालीचं काम करतो. छोट्या बोअरची गोळी तिथे बसली तर डुक्कर मरेलच असं नाही. त्याला राग मात्र नक्की येईल. आणि जखमी रानडुक्कर हे साध्या रानडुकरापेक्षा किती तरी वाईट प्रकरण आहे, हे जंगलात वावरलेल्या कोणालाही विचारा. म्हणजे .३२ चं रिव्हॉल्व्हर हे निघून जाऊ पाहणाऱ्या डुकराला परत बोलावण्याचं साधन होऊ शकतं. अमेरिकेत डुकरांच्या रानात कमरेला हत्यार लावून फिरणारे लोक .४४ मॅग्नम किंवा १० मिमीची भाषा करतात, आणि तेही सांगतात की हातातलं शस्त्र हा अगदी शेवटचा उपाय आहे. खरं काम रायफलीचं. पण अमेरिकेचं सोडा. टेक्सासमध्ये २०११ च्या कायद्याने हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला मुभा दिली, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून २०१७ मध्ये गरम हवेच्या फुग्यातूनही दिली. सेमाडोहात एसटी वेळेवर आली तर तेच हेलिकॉप्टर.

त्यात गुरुजींनी दुसरं गणित मांडलं. डुक्कर वीस मीटरवरून निघालं तर पोचायला दोन सेकंद. या दोन सेकंदांत काय काय करायचं याची रंगीत तालीम त्यांनी अंगणात घेतली. हत्यार म्हणून नातवाची टिकल्यांची पिस्तूल, म्यान म्हणून मोबाईलचं जुनं कव्हर, आणि डुक्कर म्हणून खुद्द नातू. वेळ मोजायला आजी.

पहिल्या खेपेला पिस्तूल नाडीत अडकली आणि गुरुजींनी दोन्ही हातांनी पायजमा धरला. दुसऱ्या खेपेला पिस्तूल निघाली, पण चष्मा कपाळावर होता, त्यामुळे नेम तुळशीवृंदावनावर धरला गेला. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं. मात्र टिकली उडाली तेव्हा डुक्कर स्वयंपाकघरात जाऊन भाकरी मागत होतं. चौथ्या खेपेला डुकराने नियम मोडला आणि बाजूने आलं.

"आबाजी, तुमी मेले," नातवाने निकाल दिला.

"चारही डाव," आजीने नोंद पक्की केली.

मग टपरीने गुरुजींना मोठ्या बंदुकीकडे वळवलं. बारा बोर! पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्याची 'शक्तिमान' काडतुसं बारा बोरवाल्यांच्या घरोघरी. पक्ष्यांसाठी बारीक छऱ्यांची आणि डुकरासाठी एलजी, म्हणजे छरे थोडे पण हरभऱ्याच्या घाट्यातल्या टपोऱ्या दाण्याएवढे. हे मात्र खरंच शहाणपणाचं होतं. अडचण एवढीच की दुनळी घेऊन खुरपायला जाता येत नाही. ती बांधावर ठेवावी लागते, आणि डुक्कर नेहमी दुसऱ्या बांधावरून येतं.

इथपर्यंत सगळी चर्चा वस्तू कोणती घ्यायची याची झाली. ती घेता येते का, हा क्षुद्र प्रश्न कोणाला सुचला नव्हता. तो एका पोरसवद्या वकिलाने विचारला. पोरगा परतवाड्याहून येताना गाडी पंक्चर झाली म्हणून टपरीवर थांबला होता, आणि पंक्चर निघेपर्यंत त्याने सगळ्यांच्या स्वप्नांची हवा काढली.

शस्त्र अधिनियम १९५९. त्याच्या कलम १३ मध्ये पीक राखणाऱ्या शेतकऱ्याची आठवण कायद्याने खरोखरच ठेवली आहे. कायदा म्हणतो, अशा माणसाला ठासणीची बंदूक द्यावी. अधिकाऱ्याला तेवढ्याने भागणार नाही असं पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी. ठासणीची, म्हणजे गावाकडे जिला भरमार म्हणतात ती. नळीत आधी दारू ओतायची, वर गुंडाळा कोंबायचा, गजाने ठासायचं, मग छरे, पुन्हा गुंडाळा, पुन्हा गज, मग टोपी चढवायची, आणि मग डुकराला म्हणायचं, "या." दोन सेकंदांचं गणित आठवून गुरुजींनी डोळे मिटले.

"आणखी एक आहे," वकील म्हणाला. वकिलांकडे नेहमी आणखी एक असतं.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३४. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत शस्त्राचा नवा परवाना द्यायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती हवी. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी. सेमाडोह त्याच्या पोटात. गुरुजींनी कंपासपेटीतला कंपास आणून नकाशावर दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं. वर्तुळात जंगल होतं. बाहेरही जंगलच होतं. मुख्य वन्यजीव रक्षक बसतात नागपूरला. म्हणजे सेमाडोहच्या मक्यातल्या डुकराचा निकाल आधी नागपूरला आणि मग सुमारे शंभर किलोमीटरवर अमरावतीला, जिल्हाधिकारी कार्यालयात. पोलिसांचा अहवाल, डॉक्टरचं शरीर आणि डोकं दोन्ही ठीक असल्याचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि बंदूक कुलपात ठेवण्याची सोय, हे सगळं वेगळंच. शेवटच्या अटीवर आजी म्हणाल्या, "घरात एकच कुलपाची पेटी हाय, अन् तिच्यात माहे दागिने हायेत." प्रश्न तिथेच मिटला.

"पण समजा मिळाली बंदूक," गुरुजी चिवट होते.

कलम ३१. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. आता परतवाड्याहून सेमाडोहला येणारा रस्ताच व्याघ्र प्रकल्पातून येतो. टपरीवर एक मध्यममार्ग निघाला: बंदूक परतवाड्यात साडूकडे ठेवावी. डुक्कर शेतात आलं की साडूला फोन करावा. त्यावर कोणी तरी म्हणालं की फोनला रेंज आली तर बंदूक कायले लागते, ओरडून सगळं गाव गोळा करता येईन. हा मुद्दा मेळघाटात राहणाऱ्या माणसालाच कळेल.

निवडणुकीचं कोणी बोललंच नव्हतं. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. कोणी करायची हे छाननी समिती ठरवते. २०२४ मध्ये एप्रिलात लोकसभा झाली, नोव्हेंबरात विधानसभा. म्हणजे दुसऱ्या खेपेला सोयाबीन खळ्यावर, तूर शेंगा धरायच्या बेतात, हरभरा नुकता उगवलेला आणि बंदूक ठाण्यात. डुकरं आचारसंहिता पाळत नाहीत. ती तर ऐन प्रचारात बाहेर पडतात.

शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. एका माणसाला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत, त्या दोनवर आल्या. परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं झाली. गुरुजींना अजून एकही मिळण्याचं चिन्ह नव्हतं. पण तिसरी बंदूक सरकारने काढून घेतली याचं दुःख टपरीला फार झालं. "शेतकऱ्यावर अन्याय हाय राजेहो," असं जो म्हणाला, त्याच्याकडे गोफण सुद्धा नव्हती.

वकिलाने जाता जाता शेवटचा दणका दिला. परवाना वेगळा आणि डुक्कर मारण्याची परवानगी वेगळी. रानडुक्कर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आलं. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला, म्हणजे नीलगाईला, मारायची परवानगी देण्याचे अधिकार महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांपर्यंत खाली आणले, हे खरं. पण तक्रार, पाहणी, आदेश हे सगळं आलंच. पुढच्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात परवानगीने डुकरं मारली गेली, तेव्हा त्यावरून दिल्लीत केंद्रातलेच दोन मंत्री, मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर, जाहीरपणे एकमेकांसमोर उभे राहिले. एका डुकरामुळे चुलतभाऊ वेगळ्या बाकांवर बसले याचं म्हणून कोणी नवल करू नये.

"मी मारायला निघालोच नाही," गुरुजी वैतागले. "ते माझ्या अंगावर आलं तर?"

तर कलम ११. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, खऱ्या हेतूने, जनावर मारलं किंवा जखमी केलं तर तो गुन्हा नाही. मात्र ती वेळ आली तेव्हा तुम्ही स्वतः हाच कायदा मोडत असता कामा नये. म्हणजे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरला असाल तर आली पंचाईत. आणि असं मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता ठरतं.

हे ऐकून सगळ्यात मागे बसलेला, चार दिवस फक्त ऐकत असलेला एक जण पहिल्यांदा बोलला. "मेल्यावर सरकारचं. मंग जित्तं असतानी कोनाचं हाय, वकीलसाहेब?"

तेवढ्यात पंक्चर निघालं आणि वकील गेला.

डुकराने माणसाला शहाणपण शिकवल्याची उदाहरणं जगभर आहेत, सेमाडोहने उगाच वाईट वाटून घेऊ नये. इंग्रज अंमलदारांना तर डुकरावर गोळी झाडणं हाच कमीपणा वाटे. घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारायचं, हा त्यांचा मर्दानी खेळ. पुढे बालवीर चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १८८९ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अर्कान्सामधल्या एका गृहस्थाने समाजमाध्यमावर विचारलं की पोरं अंगणात खेळत असताना तीन ते पाच मिनिटांत तीस ते पन्नास डुकरं घुसतात, त्यांना कसं मारू? त्याचा प्रश्न बंदुकीच्या वादात आला होता. पण लोक वाद विसरले आणि तीस ते पन्नास डुकरांवर जगभर हसत बसले. धारणी तालुक्यातला शेतकरी त्याला हसला नसता, आकडा किंचित कमी वाटतो म्हणाला असता. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या एका तळ्याकाठी नागड्याने ऊन खात पडलेल्या गृहस्थाची पिवळी पिशवी रानडुकरीण पळवून घेऊन गेली. पिशवीत लॅपटॉप होता. गृहस्थ तसेच तिच्यामागे धावले, सगळ्या तळ्याने ते पाहिलं, आणि लॅपटॉप परत मिळाला. त्यांच्याकडे कुठलंही हत्यार नव्हतं, ठेवायला जागाही नव्हती.

बंदुकीचं बारगळलं म्हटल्यावर टपरी स्वस्त उपायांकडे वळली. वऱ्हाडात डुकरासाठी होणाऱ्या उपायांची यादी करायची तर एक अंक पुरणार नाही. शेताभोवती जुन्या साड्या बांधा. गुरुजींनी बांधल्या, त्यातली एक जुनी नव्हती, हे संध्याकाळी कळलं. न्हाव्याकडचे केस बांधावर टाका, डुक्कर हुंगतं तेव्हा ते नाकात जातात. गुरुजी केसांचं पोतं एसटीतून घेऊन आले. वाटेत पोतं फाटलं आणि मागच्या तीन बाकांवरचे प्रवासी शिंकत शिंकत उतरले. भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं वाजवा. पहिल्या रात्री डुकरं आली नाहीत. गावातली सगळी कुत्री आली. दुसऱ्या रात्री डुकरंही आली, कारण भोंगा कधीच चावत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. कोणी प्लास्टिकच्या नळीची कार्बाइड बंदूक सुचवली, तिला मात्र आजींनी दारातूनच परत पाठवलं आणि ते योग्यच केलं. २०२५ च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात तिने किती तरी पोरांचे डोळे घालवले. कुंपणात थेट विजेची तार सोडणारे महाभाग आहेत. त्या तारेत डुकराआधी शेजारी सापडतो, कधी वाघ, कधी तार सोडणारा स्वतः. त्यापेक्षा बॅटरीवरचं झटका मशीन बरं. डुकराला नुसता चटका बसतो आणि त्याचा अपमान होतो. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं, हे टपरीवर एकालाही माहीत नव्हतं. पोकळ गोळी किती फुलते ते सगळ्यांना माहीत होतं.

हेही कोणाला माहीत नव्हतं की वन्यप्राण्याने पीक खाल्लं तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याकडे तक्रार द्यावी लागते, मग पंचनामा होतो आणि भरपाई मिळते. गुरुजी वनरक्षकाकडे गेले तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "गुरुजी, नुकसान कवा झालं?"

गुरुजींनी तारीख सांगितली.

"मंग एवढे दिवस काय करत होते जी?"

गुरुजी .३२ घ्यावं की बारा बोर, हे ठरवत होते.

त्या रात्रीपासून ते शेजारच्या शेतातल्या कोरकू म्हातारबांच्या मचाणावर जागलीला जाऊ लागले. म्हातारबांकडे एक टिनाचा डबा, एक टॉर्च, एक काठी, पेटती शेकोटी आणि एक मरतुकडं कुत्रं होतं. एवढ्यावर त्यांचा मका उभा होता. गुरुजींनी त्यांना पाच हजार जूल समजावून सांगितले. म्हातारबांनी सगळं ऐकून घेतलं, बिडी विझवली, डबा दोनदा बडवला, अंधारात काही तरी खुसफुसत दूर गेलं.

"बाबा, अन् पायवाटेवर समोरासमोर आलं तर?" गुरुजींनी मनातला प्रश्न विचारला.

"वाट सोडाची. थो आपल्या वाटेनं जाते."

"आणि नाहीच गेलं तर?"

"झाडावर चढाचं."

एवढ्या दिवसांत शस्त्रांवर झालेल्या चर्चेत परवाना, काडतूस, प्रशिक्षण, कुलूप आणि नागपूरची संमती यांतलं काहीही न लागणारा हा एकच उपाय निघाला, आणि तो सुचवणाऱ्याने बदल्यात चहा सुद्धा मागितला नाही. तेव्हा मेळघाटात पायी हिंडणाऱ्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं: तिन्हीसांजेला दाट झुडपातून एकट्याने जाऊ नये, पिलांसोबतची डुकरीण दिसली तर मागे फिरावं, वन विभागाचा १९२६ हा क्रमांक मोबाईलमध्ये असू द्यावा, आणि जाता-येता चढण्याजोगी झाडं हेरून ठेवावीत. रानडुकराला झाडावर चढता येत नाही. सागाच्या भरवशावर मात्र राहू नये. सेमाडोहच्या आसपास तोच सगळ्यात जास्त आहे, पण त्याला खाली फांद्या नसतात.